अंगणातील कॅमेरा

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त बडोदे येथे भरलेल्या कौटुंबिक मेळाव्यातील भाषण)



आपल्या संस्थेच्या व्यासपीठावरून आजवर विद्वानांची पुष्कळ व्याख्याने झाली. त्यांच्या पंक्तीस माझ्यासारख्या तारा आणि मीटर यांत आयुष्य घालविलेल्या माणसाला बसविण्याचे चिटणीसांच्या मनात का आले, हे मला ठाऊक आहे. आपल्या वसतिगृहाच्या फाटकावर कॅमेरा बसवावा असा ठराव कार्यकारी मंडळापुढे आला आहे, आणि त्या सभेत मी विरोध केला असा सर्वांचा समज झाला. वास्तविक माझा विरोध कॅमेऱ्याला नाही. तो ज्या रीतीने बहुधा बसविला जातो, त्या रीतीला आहे. ती रीत मी स्वतः माझ्या घरी वापरली आहे आणि तिचे फळ दुसऱ्याच एका मुलाने भोगले आहे. तेव्हा प्रथम ती हकीकत सांगतो. भिंग, उंची, दिवा, तारा यांच्याकडे मग वळू.

आमचा वाडा आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिलेला आहे. पुढे फाटक, मग अंगण, तुळशीवृंदावन, आणि मग ओटा. तीन वर्षांपूर्वी मुलाने परदेशातून आग्रह धरला की, बाबा, तुम्ही दोघेच तेथे राहता, निदान बाहेर एक कॅमेरा तरी लावा. दुकानात गेलो. दुकानदाराने ‘वाइड अँगल’ कॅमेरा दाखविला. एकाच कॅमेऱ्यात सारे अंगण येईल, दोन घ्यावयास नकोत, असे तो म्हणाला. हिशेबी माणसाला यापेक्षा गोड वाक्य कोणते? फिटर आला, त्याने शिडी लावली, वळचणीखाली सोळा फुटांवर कॅमेरा ठोकला. उंचावर असला म्हणजे कोणी हात लावीत नाही, हे त्याचे म्हणणे, आणि ते मलाही पटले. संध्याकाळी मोबाइलवर पाहतो तो काय! अंगण, वृंदावन, फाटक, बाहेरचा रस्ता आणि समोरच्या घराचा ओटासुद्धा. आठ दिवस आलागेला पाहुणा मी त्या चित्रापुढे बसविला.

पुढे श्रावणात एका रात्री अंगणातले तांब्याचे घंगाळ गेले. वस्तू फार किमतीची नव्हे, पण ती आमच्या घरात माझ्या आजीच्या वेळेपासून होती. सकाळी चित्र काढून पाहिले. रात्री दोन वाजून काही मिनिटांनी एक मनुष्य फाटकातून येतो, वाकतो, घंगाळ उचलतो आणि जातो. अंगाने सडपातळ, किंचित पोक काढून चालणारा, पांढरा सदरा, डोक्यावर टोपी. चित्र घरातल्या सर्वांनी पाहिले, मग शेजाऱ्यांनी पाहिले, आणि कोणीतरी म्हणाले, “अहो, हा तर तुमच्याकडे शिकवायला येणारा मुलगा!” आपल्या वसतिगृहातील एक विद्यार्थी माझ्या नातवाला तेव्हा गणित शिकवावयास येत असे. तो सडपातळ होता, पोक काढून चाले, आणि त्याच्याकडे पांढरे सदरे दोन होते. एकदा ते नाव उच्चारले गेले आणि त्या क्षणापासून आम्हा सर्वांना त्या चित्रात त्याचाच चेहरा दिसू लागला. मला स्वतःलाही दिसला, हे येथे कबूल केले पाहिजे.

मी पोलिसांकडे गेलो नाही. त्याहून वाईट केले. वसतिगृहात जाऊन ‘सहज’ चौकशी केली. मुलाला कार्यालयात बोलावून विचारण्यात आले. त्याने एवढेच म्हटले, “काका, मला ते चित्र एकदा पाहू द्या.” मी दाखविले. त्याने दोनदा पाहिले आणि म्हणाला, “हा कोणीही असू शकेल.” आम्हाला ते वाक्य चोराच्या मनात चांदणे असल्यासारखे वाटले.

बारा दिवसांनी दुसऱ्याच एका चोरीत एक इसम पकडला गेला. भंगारवाल्याकडे आमचे घंगाळ निघाले आणि त्या इसमाने ते आपणच नेल्याचे कबूल केले. आपला विद्यार्थी त्या रात्री बडोद्यात नव्हताच. वडिलांच्या आजारपणामुळे गावी गेला होता. तसे त्याने सांगितलेही होते. पण सांगणे आणि चित्र यांत आम्ही चित्रावर विश्वास ठेवला. तो मुलगा पुढच्या सत्रात वसतिगृह सोडून भाड्याच्या खोलीत गेला. ते भाडे त्याला परवडणारे नव्हते. मी त्याच्या खोलीवर जाऊन क्षमा मागितली. त्याने चहा केला, नातवाची चौकशी केली आणि निघताना म्हणाला, “काका, तुमचे चित्र स्पष्ट असते तर मी त्याच दिवशी सुटलो असतो.”

त्या वाक्यावर मी पुष्कळ दिवस विचार केला, आणि मग कागद-पेन्सिल घेऊन बसलो. त्या कागदावर जे निघाले ते आता आपणापुढे ठेवतो.

रुंद कोनाच्या भिंगाचा इतिहास मोठा बोलका आहे. अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी १९०६ साली, पाण्यातील माशाला वरचे जग कसे दिसत असेल, याचा शोध घेतला आणि तशा दृश्याला ‘मत्स्यनेत्र’ हे नाव दिले. पुढे १९२४ साली इंग्लंडमध्ये रॉबिन हिल यांनी एक भिंग प्रसिद्ध केले, ते एका दमात सारे आकाश टिपणारे होते. हेतू होता ढगांचा अभ्यास. ढग पाहणाऱ्याला सारे आभाळ हवे असते. त्यातल्या एखाद्या ढगाला नाव देऊन कार्यालयात बोलवावयाचे नसते. आपण मात्र त्याच जातीचे भिंग अंगणावर लावतो आणि त्याकडून चेहऱ्याची अपेक्षा करतो.

हिशेब असा. साधारण कॅमेऱ्याच्या चित्रात आडव्या ओळीत १९२० टिंबे असतात. त्यांना पिक्सेल म्हणतात. दुकानात ज्याला ‘दोन-आठ’ म्हणजे २.८ मिलिमीटरचे भिंग म्हणतात, ते सुमारे ११० अंश रुंदी पाहते. म्हणजे एका अंशाच्या वाट्याला साडेसतरा टिंबे आली. माणसाचा चेहरा सुमारे १६ सेंटिमीटर रुंद असतो. तो ४० फुटांवर असला, तर डोळ्याशी पाऊण अंशाचा कोन करतो. पौर्णिमेचा चंद्र अर्ध्या अंशाचा असतो, तेव्हा दीड चंद्राएवढा समजा. पाऊण अंश म्हणजे तेरा टिंबे. आमच्या फाटकातून शिरलेल्या त्या माणसाचा सारा चेहरा, दोन डोळे, नाक, हनुवटी, तेरा टिंबांच्या रुंदीत भरलेला होता. आपल्या भगिनींपैकी ज्या कशिदा काढतात त्यांनी कापडावर तेरा टाक्यांत एखादा ओळखीचा चेहरा काढून पाहावा.

या विषयावर २०१४ साली एक आंतरराष्ट्रीय मानक निघाले आहे. त्यात अनोळखी माणसाची ओळख निर्विवाद पटावयाची तर एका मीटरला २५० टिंबे असावीत असे धरले आहे. माहितीचा माणूस ओळखावयाचा असेल तर १२५. नुसते ‘कोणीतरी मनुष्य आहे’ एवढेच कळावयाचे तर २५ पुरतात. आपल्या चेहऱ्याच्या मापात २५० म्हणजे ४० टिंबे आणि १२५ म्हणजे २०. माझी होती १३. म्हणजे परिचिताला ओळखण्याच्याही पात्रतेचे ते चित्र नव्हते. आणि आम्ही नेमके तेच केले. त्याच कॅमेऱ्यासमोर चाळीस टिंबे मिळावयाची तर माणूस सुमारे १३ फुटांच्या आत आला पाहिजे.

कोणी म्हणेल, तो पुढे घंगाळापाशी आला तेव्हा तर जवळ होता ना? होता. घंगाळ भिंतीपासून दहा फुटांवर. पण कॅमेरा सोळा फुटांवर, आणि त्याचा चेहरा जमिनीपासून पाच-सव्वापाच फुटांवर. म्हणजे कॅमेरा त्याच्याकडे जवळजवळ ४७ अंश उतारावरून पाहत होता. टिंबे पुरेशी होती, पण ती सारी टोपीच्या वाट्याला गेली. फाटकात चेहरा समोर होता तर लहान होता. मोठा झाला तेव्हा टोपीखाली गेला. सोळा फुटांवर ठोकलेल्या रुंद कॅमेऱ्याची ही कथा बहुतेक घरी अशीच असते, फक्त घंगाळ जाईपर्यंत ती कोणाला कळत नाही.

घरी लावावयाच्या अशा यंत्राचा विचार सर्वप्रथम ज्यांनी केला त्यांत न्यूयॉर्कच्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन या परिचारिकेचे नाव घेतले जाते. त्यांच्या कामाच्या वेळा अवेळी असत, घरी एकट्या असताना दार वाजले की भीती वाटे, आणि पोलीस येण्यास वेळ लागे. १९६६ साली त्यांनी पती अल्बर्ट यांच्यासह एक योजना पेटंटसाठी दाखल केली. १९६९ साली ते मंजूर झाले. दाराला वेगवेगळ्या उंचीवर चार भोके, आणि आतून कॅमेरा वर-खाली सरकवून ज्या भोकातून हवे त्यातून बाहेर पाहावयाचे, म्हणजे उंच मनुष्य असो की लहान मूल, चेहरा समोर यावा. पहा, त्या बाईंना सारा रस्ता पाहावयाचा नव्हता. दारात कोण उभे आहे एवढेच पाहावयाचे होते.

म्हणून माझ्या अंगणाची मी जी फेररचना केली ती अशी. जुना रुंद कॅमेरा काढला नाही. तो सोळा फुटांवरून खाली आणून दहा फुटांवर लावला. अंगणात हालचाल झाली, कोणत्या बाजूने आले, किती जण होते, हे सांगण्याचे काम त्याचे. ते काम तो उत्तम करतो. दुसरा कॅमेरा सहा मिलिमीटर भिंगाचा, सुमारे ५० अंशांचा, ओट्याच्या खांबावर आठ फुटांवर, तोंड फक्त फाटकाकडे. या भिंगात एका अंशाला ३८ टिंबे पडतात. खांबापासून फाटक २५ फुटांवर. तेथे चेहऱ्याला ४० हून अधिक टिंबे मिळतात, आणि उतार सहा-सात अंशांचा, म्हणजे टोपीचा कोना उचलल्याशिवायही चेहरा दिसतो. फाटक अरुंद असल्यामुळे येणाऱ्याला तेथूनच यावे लागते, ही या योजनेतली खरी गोम. माणूस अंगणात कोठे जाईल ते आपल्या हाती नाही. पण तो कोठून शिरेल हे बहुतेक घरांत ठरलेले असते.

कोणी चार-के कॅमेऱ्याची गोष्ट काढील. त्यात ओळीत ३८४० टिंबे, म्हणजे तेरा फुटांचे सव्वीस फूट झाले. दिवसा हे खरे आहे. रात्री मात्र तेवढ्याच आकाराच्या काचेवर चौपट टिंबे बसविल्याने एकेका टिंबाला प्रकाश कमी मिळतो, आणि चित्रात कणी पडते. पैसे असतील तर जरूर घ्यावा, पण भिंग आणि जागा चुकली असेल तर तो ती चूक अधिक बारकाईने दाखवील इतकेच.

आता रात्रीविषयी थोडे अधिक बोलतो, कारण माझी दुसरी चूक येथे आहे. अंधार पडला की हे कॅमेरे अवरक्त किरणांवर चालतात. हे किरण आपल्या डोळ्याला दिसत नाहीत. ८५० नॅनोमीटरचे दिवे असले तर अंधारात मंद तांबडे ठिपके तेवढे दिसतात, ९४० चे असले तर तेही नाही. या किरणांत रंग उरत नाहीत. एवढेच नव्हे, कित्येक कापडांचे काळे व गडद रंग या किरणांना शोषीत नाहीत, परतवतात. म्हणून काळा सदरा चित्रात पांढरट दिसू शकतो. ज्या ‘पांढऱ्या सदऱ्या’वरून आम्ही एका मुलाला चोर ठरविले तो सदरा पुढे पोलिसांकडे पाहिला. गडद निळा होता.

शिवाय अंधारात कॅमेरा आपली पापणी अधिक वेळ उघडी ठेवतो. सेकंदाचा पंचविसावा भाग म्हटले तरी चालता माणूस तेवढ्यात पाच-सहा सेंटिमीटर पुढे सरकतो. चेहऱ्याचा तिसरा हिस्सा पुसला गेला. यावर उपाय महागडा कॅमेरा नाही, दिवा आहे. फाटकाशी नऊ वॉटचा एल.ई.डी. दिवा रात्रभर ठेवला तर महिन्याला सुमारे तीन युनिटे वीज लागते. दिवा कॅमेऱ्याच्या समोर नसावा, त्याच्या मागून किंवा बाजूने असावा. नाहीतर येणारा माणूस काळी सावली होऊन जातो. तीच गोष्ट सूर्याची. पूर्वेकडे तोंड असले तर सकाळी, पश्चिमेकडे असले तर तिसऱ्या प्रहरानंतर, आणि दक्षिणेकडे असले तर हिवाळाभर सूर्य भिंगात येतो. उत्तरेकडे तोंड करण्याची सोय असेल तर ती सोडू नये. नसेल तर वर छज्जा असलेली जागा पाहावी, आणि कॅमेऱ्यात डब्ल्यूडीआर नावाची सोय असेल ती चालू करावी.

छज्जाखाली लावताना एक लक्षात ठेवावे. कॅमेरा भिंतीच्या किंवा छताच्या अगदी लगत असला तर त्याचे किरण जवळच्या पांढऱ्या चुन्यावर पडून परत येतात, आणि सारे चित्र धुक्यासारखे होते. रुंद कोनाच्या कॅमेऱ्यात हे फार होते, कारण त्याला दोन्ही बाजूंच्या भिंती दिसतातच. त्याच किरणांजवळ चिलटे जमतात, चिलटांसाठी पाल येते, आणि कोळी जाळे विणतो. आमच्या मोबाइलवर रात्री तीन वाजता ‘मनुष्य आढळला’ असा निरोप आला, आणि उठून पाहतो तो भिंगावर पाल पसरलेली. घरातून मला सांगण्यात आले की, आता पालीचीही चौकशी वसतिगृहात करून या. ते बोलणे मी मुकाट्याने ऐकून घेतले. तेव्हापासून पंधरा दिवसांनी एकदा मऊ फडक्याने जाळे काढणे, हे काम माझ्याकडे आहे. कॅमेरा आठ फुटांवर असल्याने त्याला स्टूल पुरते. सोळा फुटांवर असता तर मी ते केले नसते, हेही उंचीचा विचार करताना ध्यानात घ्यावे.

पाऊस, धूळ यांबद्दल पेटीवर अंक असतो. आय.पी. ६६ म्हणजे धूळ शिरत नाही आणि पाण्याचा जोराचा फवारा सोसतो. ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाला तरी चालतो. परंतु पाणी कॅमेऱ्यात शिरत नाही, तारेच्या जोडात शिरते. जोड उघड्यावर लोंबू न देता पेटीत घालावा. तार भिंतीत शिरण्यापूर्वी तिला खाली एक झोका द्यावा आणि मग वर घ्यावी, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी झोक्याच्या तळाशी गळून पडते. खारी तार कुरतडतात, तेव्हा ती नळीतून न्यावी. आणि आपल्या बडोद्यात उत्तरायणाच्या दोन दिवसांत मांजा कोठे अडकेल याचा नेम नाही. त्या दिवसांनंतर एकदा कॅमेऱ्याचे तोंड वळले नाही ना, हे पाहावे. आमचे वळले होते. आठवडाभर आम्ही आमच्याच पिंपळाची राखण केली.

बिनतारी कॅमेरा सोयीचा दिसतो, पण वाड्यांच्या दोन-दोन फुटी भिंतींतून ती लहर जात नाही. एकाच तारेतून वीज आणि चित्र नेण्याची जी रीत आहे ती उत्तम. ती तार शंभर मीटरपर्यंत चालते. चित्र साठविणारा रेकॉर्डर कोठे ठेवावा हे मात्र आपल्या गावात निराळे सांगितले पाहिजे. २०१९ च्या जुलैअखेर आणि पुन्हा २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीचे पाणी कोठवर आले होते ते आपण पाहिले आहे. पुष्कळांचे रेकॉर्डर जिन्याखालच्या कपाटात असतात. तो वरच्या मजल्यावर न्यावा. एका कॅमेऱ्याचे चित्र सेकंदाला दोन मेगाबिट वेगाने साठविले तर दिवसाला सुमारे २२ जी.बी. होतात, एक टी.बी. चकतीवर एक कॅमेरा दीड महिना, चार कॅमेरे अकरा दिवस. पुढे जुन्यावर नवे लिहिले जाते. रेकॉर्डरचे घड्याळ महिन्यातून एकदा तपासावे. आमचे घड्याळ अठरा मिनिटे पुढे होते, आणि त्याच अठरा मिनिटांवरून नाहक एक वाद झाला; तो येथे सांगत नाही. चित्र कधी न्यायालयात द्यावयाचे झालेच तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमाप्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते, एवढे माहीत असावे.

परवलीचा शब्द बदलण्याबद्दल एकच सांगतो. २०१६ साली जगभरच्या हजारो घरगुती कॅमेऱ्यांना ‘मिराई’ नावाच्या दुष्ट प्रणालीने कह्यात घेतले आणि त्यांच्याकरवी मोठमोठी संकेतस्थळे बंद पाडली. ते शक्य झाले, कारण कारखान्याने घातलेला परवलीचा शब्द लोकांनी तसाच ठेवला होता. आपल्या देशात एप्रिल २०२५ पासून विकावयाच्या कॅमेऱ्यांना सुरक्षिततेच्या चाचण्यांचे प्रमाणपत्र आवश्यक झाले आहे. दुकानात ते विचारावे. पण शब्द बदलण्याचे काम कोणतेही सरकार आपल्यासाठी करणार नाही.

आता शेजाऱ्यांकडे वळतो. समोरच्या घरातील बा, ज्यांच्या हातचे खाखरे आम्ही तीस वर्षे खात आलो, त्यांनी ओट्यावर बसून केस वाळविणे सोडले. मला ते कळलेसुद्धा नाही. एकदा पापड द्यावयास आल्या तेव्हा हसत म्हणाल्या, “तमारो कॅमेरो आखो दिवस मने जुए छे.” हसत म्हणाल्या, पण म्हणाल्या. त्या दिवशीच मी रुंद कॅमेऱ्याचे तोंड खाली वळविले आणि जो ओट्याचा कोपरा तरीही दिसत होता त्यावर काळी पट्टी टाकली. बहुतेक कॅमेऱ्यांत चित्राचा हवा तो भाग झाकण्याची सोय असते. पाच मिनिटांचे काम आहे. ध्वनी टिपण्याचे कळफलकही त्याच दिवशी बंद केले. मग बांना बोलावून मोबाइलवर ती काळी पट्टी दाखविली. त्या पुन्हा ओट्यावर बसतात.

कायद्याचे म्हणाल तर सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. एकत्र राहणाऱ्या भावांच्या घरात एकाने दुसऱ्याच्या संमतीवाचून आतल्या भागात कॅमेरे लावले, तेव्हा २०२५ साली कलकत्ता उच्च न्यायालयाने ते चालविण्यास मनाई केली, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घातला नाही. आपल्यापैकी ज्यांचे वाडे अद्याप चार भावांत सामाईक आहेत त्यांनी या निकालाकडे लक्ष द्यावे. फिटर बोलावण्यापूर्वी भावजयांना विचारावे हे बरे.

आता वसतिगृहाच्या फाटकाचा ठराव. त्यात ‘एक रुंद कोनाचा कॅमेरा, दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीखाली’ असे लिहिले आहे. मी आताच जे सांगितले त्यानंतर या ओळीचे काय करावे हे निराळे सांगत नाही. माझी दुरुस्ती अशी आहे: फाटकावर अरुंद कोनाचा एक, आठ फुटांवर, शेजारी दिवा, पटांगणावर रुंद कोनाचा एक, पण मुलांच्या खोल्यांची दारे-खिडक्या आणि न्हाणीघराकडची वाट त्याच्या दृष्टीबाहेर. दुसरे, चित्र कोण पाहणार हे लिहून ठेवावे. अधीक्षक आणि एक विश्वस्त, दोघे एकत्र असतानाच. कोणाच्याही मोबाइलवर ते जाऊ नये. पंधरा दिवसांनी ते पुसले जावे. घरच्या कॅमेऱ्याला २०२३ च्या वैयक्तिक माहिती-संरक्षण कायद्यातून सूट आहे, संस्थेच्या कॅमेऱ्याला तशी नाही. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आहेत आणि त्यांतील जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू व्हावयाच्या आहेत. आपल्यातील वकील सभासदांनी ते वाचून मंडळाला लेखी सांगावे. आणि तिसरे, ज्या मुलाविषयी संशय निर्माण होईल त्याला ते चित्र प्रथम दाखवावे, इतर कोणालाही दाखविण्यापूर्वी. त्याने “हा कोणीही असू शकेल” असे म्हटले तर टिंबे मोजावीत. टिंबे मोजता येतात. मी ती मोजली, पण बारा दिवस उशिरा.

भोक पाडण्यापूर्वी एक प्रयोग करावयाचा आहे. कॅमेरा आठ फुटी बांबूला बांधून फाटकाशी धरावयाचा, मुलांपैकी दोघा-तिघांनी टोपी घालून, छत्री घेऊन, सायकल हाती धरून आत यावयाचे, आणि आपण कार्यालयात बसून कोण आले ते ओळखावयाचे. एकदा दुपारी आणि एकदा रात्री नऊनंतर. ज्या उंचीवर आणि ज्या दिव्यात तिघेही ओळखू येतील तेथे खूण करावयाची. येत्या रविवारचा दिवस ठरला आहे. बांबू माझ्याकडे आहे. दहा फुटी शिडी कोणाकडे असेल त्यांनी जाण्यापूर्वी चिटणीसांकडे नाव द्यावे. ज्या मुलाची हकीकत मी सांगितली त्यालाही मी निरोप पाठविला आहे. परीक्षा चालू आहे, तरी दुपारच्या वेळी येईन असे त्याने कळविले आहे.